स्त्रादा नुओव्हा संग्रहालये

स्त्रादा नुओव्हा संग्रहालये हा इटलीतील जेनोवा शहरातील व्हिया गारिबाल्दी या ऐतिहासिक रस्त्यावरील तीन कलासंग्रहालयांचा समूह आहे. पालाझ्झो रोस्सो (लाल प्रासाद), पालाझ्झो बियांको (पांढरा प्रासाद) आणि पालाझ्झो दोरिया-तुर्सी या तीन प्रासादांत तो विभागलेला आहे. मोजक्या धनिक घराण्यांच्या निवासासाठी आखलेल्या या रस्त्यावरील हे प्रासाद एकोणिसाव्या शतकात शहराच्या मालकीचे झाले.

रस्त्याचा इतिहास

सोळाव्या शतकात जेनोवा प्रजासत्ताकातील सावकार घराण्यांनी स्पेनच्या राजसत्तेला कर्जे देऊन मोठी संपत्ती मिळवली. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत भव्य प्रासादांना जागा नसल्याने टेकडीच्या पायथ्याशी नवा रस्ता आखण्यात आला. १५५० च्या सुमारास सुरू झालेल्या या कामाची आखणी बेर्नार्दिनो कान्तोने यांनी केली. रस्त्यालगतचे भूखंड लिलावाने विकण्यात आले. ‘स्त्रादा नुओव्हा’ म्हणजे नवा रस्ता; १८८२ मध्ये त्याला जुझेप्पे गारिबाल्दी यांचे नाव देण्यात आले.

राज्याच्या पाहुण्यांना उतरवण्याची जबाबदारी खासगी प्रासादांवर होती. १५७६ पासून अशा प्रासादांच्या अधिकृत याद्या तयार होऊ लागल्या. त्यांना ‘रोल्ली’ म्हणत. पाहुण्याच्या दर्जानुसार प्रासादांचे वर्ग ठरत आणि यजमानाची निवड चिठ्ठ्या टाकून होत असे. फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रुबेन्स यांनी जेनोवातील प्रासादांच्या आराखड्यांचा ग्रंथ १६२२ मध्ये प्रसिद्ध केला. २००६ मध्ये हा रस्ता व रोल्ली प्रासादांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

संग्रहालये

पालाझ्झो रोस्सो हा प्रासाद ब्रिन्योले-साले घराण्यासाठी १६७१ ते १६७७ या काळात बांधण्यात आला. या घराण्यातील मारिया, गॅल्लिएराच्या डचेस, यांनी १८७४ मध्ये तो संग्रहासह शहराला दान केला. अँथनी व्हॅन डाइक यांनी रंगवलेली या घराण्यातील व्यक्तींची चित्रे त्यामुळे त्यांच्याच घरात पाहता येतात. चार ऋतूंच्या दालनांपैकी वसंत व ग्रीष्म यांची छतचित्रे ग्रेगोरियो दे फेरारी यांची, तर शरद व हिवाळा यांची दोमेनिको पिओला यांची आहेत. मुख्य दालनाचे छत मात्र दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकीत कोसळले आणि दे फेरारी यांचे तेथील चित्र कायमचे नष्ट झाले.

पालाझ्झो बियांको याच डचेसच्या मृत्युपत्रानुसार शहराकडे आला आणि १८९२ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. येथे हान्स मेमलिंग, रुबेन्स, व्हेरोनेझे यांची चित्रे आणि काराव्हाज्जो यांचे मानले जाणारे ‘एक्के होमो’ हे चित्र आहे. युद्धात या इमारतीचीही मोठी हानी झाली. त्यानंतर वास्तुरचनाकार फ्रांको आल्बिनी आणि संचालिका कातेरिना मार्चेनारो यांनी संग्रहाची नव्याने मांडणी केली. अनेक चित्रांच्या जड चौकटी काढून ती साध्या भिंतींवर, एकमेकांपासून अंतर राखून लावण्यात आली. ही मांडणी आधुनिक संग्रहालयरचनेतील महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

पालाझ्झो दोरिया-तुर्सी १५६५ पासून निक्कोलो ग्रिमाल्दी यांच्यासाठी बांधण्यात आला. १८४८ पासून येथे नगरपालिका आहे. निक्कोलो पागानिनी यांनी शहराला दिलेले, ग्वार्नेरी देल जेझू यांनी १७४३ मध्ये घडवलेले ‘इल कान्नोने’ हे व्हायोलिन आणि आन्तोनिओ कानोव्हा यांचे ‘पश्चात्तापदग्ध मॅग्डालेन’ हे शिल्प येथे आहे.

भेट

सुमारे २५० मीटर लांबीचा हा रस्ता पादचाऱ्यांसाठी राखीव आहे. तो अरुंद असल्याने प्रासादांचे दर्शनी भाग समोरून पूर्ण दिसत नाहीत. प्रवेशदालन, अंगण, जिना आणि टेकडीवर चढत जाणारी बाग या क्रमाने आत गेल्यावरच त्यांची रचना उलगडते. तिन्ही संग्रहालयांसाठी एकच तिकीट असते. पालाझ्झो बियांको पाहून बागेतून पालाझ्झो दोरिया-तुर्सीत जाता येते, तर पालाझ्झो रोस्सो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस आहे. त्याच्या छतावरील सज्जातून जुने शहर व बंदर दिसते. रस्त्यावरील इतर अनेक प्रासाद आजही बँका, कार्यालये व खासगी मालकांकडे आहेत. त्यांपैकी काही ‘रोल्ली डेज’ या उपक्रमात ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडले जातात.