शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी

विक्रोळीवरून ठाण्यास जाणारा लोहमार्ग 1853 साली सुरू झाला आणि 1865 साली थळघाट चढून त्याने नाशिकचा मुलूख मुंबईच्या बंदरास जोडला, हे सर्वविदित आहे. परंतु त्याच काळी त्या तीर्थक्षेत्राच्या वेशीबाहेर अँग्लिकन पंथाच्या आफ्रिकी विद्यार्थ्यांची एक वसाहत नांदत होती, याचे स्मरण फारच थोड्यांना असेल.

गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडली, की त्यांतील पोरकी मुले मुंबईत उतरवली जात. त्यांपैकी पुष्कळ जण चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेल्या शरणपुरात आले. तेथे लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम आणि नित्य उपासना होती. अँग्लिकन पंथाची उपासना आवेशापेक्षा क्रमावर उभी असते: प्रातःकाळ-सायंकाळचे ठरलेले पाठ, ठरलेली स्तोत्रे, बाप्तिस्म्यापासून प्रेतसंस्कारापर्यंतचे छापील विधी. याला पोपटपंची म्हणणारे तेव्हाही असतील. पण ज्यांचे घरदार, गणगोत सारेच हिरावले गेले, त्यांना रोज तेच शब्द तोंडी असण्याचा आधार केवढा वाटला असेल! त्यांची मूळ नावे मात्र पुसून त्यांना वेनराइट, वेलिंग्टन अशी विलायती नावे दिली गेली, हे आम्हास मुळीच रुचत नाही.

या शिक्षणाची कसोटी लागली ती आजच्या झांबियातील चितांबो गावी. 1873 च्या मे महिन्यात आफ्रिकेचे संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन तेथे निवर्तले, तेव्हा जवळ ना पाद्री होता ना चर्च. चुमा, सुसी प्रभृती सेवकांनी त्यांचे हृदय वृक्षातळी पुरले आणि शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट याने प्रार्थनाग्रंथ उघडून प्रेतसंस्काराचा विधी वाचला. त्यानंतर या मंडळींनी तो देह कित्येक महिने चालत समुद्रकाठी आणला; तेथून तो विलायतेस नेला गेला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. विलायतेने त्या दिवशी वाखाणली ती बहुधा धन्यावरील निष्ठा; आमच्या मते ती त्या तरुणाची स्वतःची श्रद्धा होती, कारण अरण्यात तो विधी वाचण्याची सक्ती त्याच्यावर कोण करणार होते?

1875 साली प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसवले, तेव्हा शरणपूरचे विद्यार्थी तेथे शिक्षक व उपदेशक म्हणून राबले. त्यांपैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी धर्मदीक्षा दिली. सोसायटीची दप्तरे बर्मिंगहॅमला जतन केलेली आहेत. नाशिकच्या इतिहासाभ्यासकांनी ती धुंडाळून या मुलांना आपल्या शहराच्या इतिहासात एक प्रकरण द्यावे.