नासिकचा हिरा व रिकामें कोंदण

जडजवाहिराच्या जुन्या याद्या वाचतांना संशोधकाचें लक्ष बहुधा वजनाकडे व किंमतीकडे जातें. रत्न कोणत्या घरांत बसविलें होतें, हा तपशील मागें राहतो. परंतु वेड्यावांकड्या रत्नाचें भवितव्य पुष्कळदां त्या घरानेंच ठरविलें आहे. याचें ठळक उदाहरण नासिक जिल्ह्यांतलेंच आहे: त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशीं ज्याचा संबंध सांगतात व पाश्चात्त्य ज्यास ‘नस्सक’ म्हणतात, तो हिरा.

आपल्याकडील कोंदणकामांत रत्नासाठीं घर घडतें. पोकळ घरांत लाख भरावी, तीवर डांक ठेवून रत्न बसवावें, आणि शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या रत्नाच्या कडेभोंवतीं हत्यारानें दाबीत जाव्या, अशी ही रीत. निर्भेळ सोनें मऊ असून तापविल्यावांचून, केवळ दाबानें, आपल्या आपल्यांत सांधतें. कड तिरकी असो कीं एके बाजूस जाड असो, सोनें तिच्या वळणानें जातें. म्हणून पैलू पाडणारा कारागीरहि रेखीवपणापेक्षां वजन राखण्याकडे अधिक पाही. पाश्चात्त्य धर्तीच्या उघड्या घरांत याच्या उलट प्रकार. तेथें सोन्याचीं नखें रत्नास कडेशीं धरतात व खालून उजेड खेळतो. कड एकसारखी नसेल तर पकड नीट बसत नाहीं. घर ठराविक मापाचें असल्यास रत्नासच झिजावें लागतें.

इ. स. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, तेव्हां हा हिरा दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरांतून इंग्रजांच्या हातीं लागला व लंडनास गेला. त्या वेळचें त्याचें वजन सुमारें ९० कॅरट सांगतात. तेथील रंडेल व ब्रिज या पेढीनें हिंदी कारागिराच्या पैलूंचा माग धरूनच त्यास पुन्हां पैलू पाडविले. वजन ७८⅝ कॅरट उरलें. पुढें तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसांकडे जाऊन तलवारीच्या मुठींत बसला. इ. स. १९४० मध्यें तो अमेरिकेंतील जवाहिरे हॅरी विन्स्टन यांजकडे आला. त्यांनीं त्यास आधुनिक बाजारांत रूढ असलेला, पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी घाट दिला. तेज वाढलें, हें मान्य केलें पाहिजे. पण वजन ४३.३८ कॅरट राहिलें आणि मूळ आकार कायमचा गेला.

येथें मापाचा एक घोटाळा संभवतो. ७८⅝ हे जुने इंग्रजी कॅरट होत. २०० मिलिग्रॅमच्या हल्लींच्या कॅरटांत ते सुमारें ८०.५९ भरतात. अर्थात् या शेवटच्या घडणींत शेंकडा ४६ भाग गेला. असा हिरा केवळ वजनावरून जुन्या यादींतील नोंदीशीं ताडून पाहणारा फसेल.

यावरून संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. लासलगांव, चांदवड, निफाड या बाजूस एखाद्या घराण्याची दागिन्यांची यादी हातीं आल्यास वजनाबरोबर घाट, कड व जडावाविषयींचे शब्दहि जसेच्या तसे उतरून घ्यावे. रत्न तोलण्यासाठीं कोंदण उकलूं नये. आणि ज्यांतून रत्न गेलें आहे असें रिकामें कोंदण आटणींत घालूं नये. कारण गेलेल्या रत्नाच्या कडेचा ठसा त्या सोन्यांत राहिलेला असतो. रत्न पुन्हां घासलें गेलें असल्यास त्याच्या मूळ आकाराचा तोच कदाचित् एकमेव पुरावा होय.