दिवा लावला की चोरी थांबते? एका साध्या प्रश्नाचा सहाशे वर्षांचा प्रवास

तुमच्या दाराबाहेर रात्री दिवा असतो का? गावाकडे अंगणातला, सोसायटीत गेटवरचा, नाहीतर जवळून कुणी गेलं की आपोआप पेटणारा? तो का लावता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "उजेड असला की चोर येत नाही." आता व्हायवात येतो तसा पुढचा प्रश्न: हे तुम्हाला कसं माहीत?

इथे बहुतेक जण अडखळतात. "त्यात काय, उघडच आहे!" असं म्हणून पुढे जातात. पण सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या माणसानं 'उघडच आहे' हे शब्द ऐकले की कान टवकारायला हवेत. या विधानावर कितीतरी सरकारांनी पैसा ओतला, कायदे केले. त्याची पद्धतशीर तपासणी मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. म्हणून आज या एका प्रश्नाचा इतिहास बघू. उत्तरापेक्षा, उत्तर शोधताना लोक कुठे कुठे घसरले, ते आपल्या जास्त कामाचं आहे.

दिवा नक्की कुणाचा?

जॉन स्टो यांनी १५९८ मध्ये लंडन शहराचं वर्णन छापलं. त्यात ते सांगतात की हेन्री बार्टन या महापौरांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर कंदील टांगायचा हुकूम काढला होता. हा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ. म्हणजे दाराबाहेरचा दिवा हे घरमालकाचं कर्तव्य होतं, पण उजेड रस्त्यासाठी होता.

पॅरिसमध्ये १६६७ मध्ये चित्र बदललं. चौदाव्या लुईनं निकोला द ला रेनी यांना शहराच्या पोलिसांचं प्रमुखपद दिलं आणि त्यांच्या अमलाखाली रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील लागले. दिवा आता राज्याचा झाला. दोन वर्षांनी या कामगिरीचं पदक पाडलं गेलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ साधारण 'शहराची सुरक्षितता आणि झळाळी' असा होतो. सुरक्षितता किती वाढली हे कुणी मोजलं नव्हतं, पण पदक तयार होतं! लोकांनाही हा दिवा नेमका कुणाचा आहे हे कळत होतं. १८३० च्या उठावात पॅरिसच्या रस्त्यांवरचे कंदील फोडले गेले, ते उगाच नव्हे.

तिसरं उदाहरण जास्त अस्वस्थ करणारं आहे. न्यूयॉर्कमध्ये १७१३ साली असा कायदा झाला की चौदा वर्षांवरच्या कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी गुलामानं अंधार पडल्यावर पेटता कंदील हातात घेतल्याशिवाय एकट्यानं रस्त्यावर दिसायचं नाही. इथे दिवा वाट दाखवायला नव्हता. तो धरणारा माणूस इतरांना दिसावा, म्हणून होता.

ही तीन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. 'उजेडामुळे सुरक्षितता' या शब्दांत दोन प्रश्न दडलेले आहेत: कुणाची सुरक्षितता, आणि उजेडात कोण कुणाला बघतंय? हे न्यूयॉर्क लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत जायचंय.

मोजायला सुरुवात झाली तेव्हा

१९६० नंतर अमेरिकेतल्या शहरांत गुन्हे वाढले आणि रस्त्यांवर जास्त प्रखर दिवे लावायचे प्रकल्प ठिकठिकाणी निघाले. त्या सगळ्यांचा आढावा १९७९ मध्ये जेम्स टीन आणि सहकाऱ्यांनी घेतला. हाताशी १०३ प्रकल्प होते. त्यांतले उपयोगी माहिती देणारे निघाले फक्त १५! बाकीच्यांत दिवे लागले होते, पण परिणाम तपासण्याजोगं फारसं काही हाती लागत नव्हतं. निष्कर्ष असा आला की उजेडामुळे गुन्हे कमी झाल्याचा भक्कम पुरावा नाही, लोकांची भीती मात्र कमी झाल्याचे संकेत आहेत.

लिटरेचर रिव्ह्यू करताना 'शंभर पेपर वाचले' असं आपण अभिमानानं सांगतो. गाईडनं विचारायला हवं: त्यातले पंधरा कुठले?

दोन अभ्यास, दोन उत्तरं

आता इंग्लंडमध्ये जाऊ. लंडनच्या वॉन्ड्सवर्थ भागात सुमारे साडेतीन हजार नवे दिवे लावले गेले. स्टीफन अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी पोलिसांकडे नोंदलेले एक लाखाहून जास्त गुन्हे तपासले. १९९१ च्या त्यांच्या अहवालानुसार गुन्ह्यांवर परिणाम दिसला नाही. पण बायकांना अंधार पडल्यावर आधीपेक्षा सुरक्षित वाटू लागलं होतं.

पुढे डडली या गावात केट पेंटर आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी वेगळा मार्ग घेतला. एका वसाहतीत दिवे सुधारले, जवळच्या तशाच दुसऱ्या वसाहतीत जुनेच ठेवले. मग पोलीस ठाण्यात न जाता घरोघरी जाऊन, दिवे बदलण्याआधी आणि नंतर, 'तुमच्यासोबत काय काय घडलं' असं विचारलं. १९९७ मध्ये छापून आलेला निकाल असा: नव्या दिव्यांच्या वसाहतीत गुन्हे ४१ टक्क्यांनी घटले.

थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. जुन्या दिव्यांच्या वसाहतीतही ते १५ टक्क्यांनी घटले होते! ती दुसरी वसाहत अभ्यासात नसती तर सगळं श्रेय दिव्यांना गेलं असतं. कंट्रोल ग्रुप कशासाठी असतो हे नेट-सेटच्या पुस्तकात दोन ओळींत असतं. इथे ते आकड्यांत दिसतं.

दोन अभ्यासांची उत्तरं वेगळी का आली? जागा वेगळ्या होत्याच, पण मोजपट्टीही वेगळी होती. पोलिसांकडे नोंदला जातो तो गुन्हा आणि माणसांसोबत घडतो तो गुन्हा, हे दोन वेगळे आकडे आहेत. शिकागोतल्या काही गल्ल्यांत दिवे प्रखर केल्यावर नोंदलेले गुन्हे २१ टक्क्यांनी वाढले. गुन्हेच वाढले, की ते आता दिसू लागले म्हणून नोंदी वाढल्या? फक्त नोंदींकडे बघून हे सांगता येत नाही.

दिवसाच्या चोऱ्या का घटल्या?

२००२ मध्ये फॅरिंग्टन आणि ब्रँडन वेल्श यांनी असे १३ अभ्यास एकत्र केले, ८ अमेरिकेतले आणि ५ ब्रिटनमधले. सरासरी काढली तर गुन्ह्यांत २० टक्के घट. पण त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. रात्रीचे गुन्हे दिवसाच्या गुन्ह्यांपेक्षा जास्त घटलेले दिसत नव्हते. रस्त्यावरचा दिवा भर दुपारी चोर कसा काय थांबवतो?

त्यांनी स्पष्टीकरण असं दिलं की दिवे आले म्हणजे कुणीतरी आपल्या वस्तीकडे लक्ष दिलं. लोकांना वस्तीबद्दल आपलेपणा वाटतो, शेजारी एकमेकांवर नजर ठेवतात. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. पण आपण संशोधक म्हणून विचारायला हवं, की याच आकड्यांना दुसरं काही कारण असू शकतं का?

हा प्रश्न पॉल मर्चंट या संख्याशास्त्रज्ञानं २००४ मध्ये विचारला. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: हिशेबात प्रत्येक गुन्हा ही स्वतंत्र घटना धरली होती. प्रत्यक्षात एकच चोर एका आठवड्यात दहा घरं फोडतो, तो पकडला गेला की गल्ली एकदम शांत होते. त्यामुळे गुन्ह्यांचे आकडे मुळातच फार वर-खाली होतात. ही चढउतार हिशेबात कमी धरली, की योगायोगही परिणामासारखा दिसतो. शिवाय दिवे लावले जातात ते बहुतेक वेळा गुन्हे फार वाढलेल्या ठिकाणी. फार वर गेलेला आकडा काही न करताही खाली यायची शक्यता जास्त असते. ताप चढल्यावर घेतलेल्या औषधाला श्रेय मिळतं, तसंच हे. मूळ लेखकांनी उत्तर दिलं आणि वाद त्याच नियतकालिकात चालला. तो मुळातून वाचा. मतभेद कसे लिहायचे, याचा तो चांगला धडा आहे.

उलटा प्रश्न, आणि चिठ्ठ्या

पुढे काही संशोधकांनी प्रश्नच उलटा केला. वीज आणि खर्च वाचवायला इंग्लंड आणि वेल्समधल्या अनेक स्थानिक संस्था दिवे मंद करत होत्या किंवा मध्यरात्रीनंतर बंद करत होत्या. रेबेका स्टाइनबाख आणि सहकाऱ्यांनी अशा ६२ संस्थांची माहिती तपासली. २०१५ मध्ये त्यांनी लिहिलं की यामुळे गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा दिसत नाही. मात्र हे मोठ्या भागांचं चित्र आहे. तुमच्या गल्लीतही तसंच होईल, असं ते सांगत नाही.

आणि आता परत न्यूयॉर्क. २०१६ मध्ये तिथल्या सुमारे ८० सरकारी गृहवसाहतींमधून, अक्षरशः चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून, निम्म्या वसाहतींत प्रखर दिव्यांचे फिरते मनोरे उभे केले. एरन चॅल्फिन आणि सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे किमान ३६ टक्क्यांनी घटले. इथे 'गुन्हे जास्त म्हणून दिवे' ही अडचण राहिली नाही, कारण दिवे कुठे जाणार हे नशिबानं ठरलं. आजवरचा हा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणता येईल.

तरी १७१३ आठवा. दिवे गरिबांच्या वसाहतीत होते, तेही खिडकीबाहेर रात्रभर. गुन्हे घटणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण तिथल्या माणसांची झोप, आणि सतत कुणाच्या तरी नजरेखाली असल्याची भावना, हेही परिणामच आहेत. गुन्ह्यांच्या रकान्यात ते मावत नाहीत.

मग अंगणातल्या दिव्याचं काय?

नीट बघा: वर सांगितलेले सगळे अभ्यास रस्त्यांचे, गल्ल्यांचे, वसाहतींचे आहेत. एका घराच्या दाराबाहेरचा एक दिवा त्यांपैकी कुणीच तपासलेला नाही. रस्त्यावर चार माणसं येतात-जातात, उजेडात बघणारं कुणी असतं. मागच्या अंगणात तो उजेड कोण बघतो? घर बंद असेल तर कुलूप शोधायला तो चोरालाच उपयोगी पडेल का? दिवसाही जळत राहिलेला दिवा 'घरात कुणी नाही' असं तर सांगत नाही ना? 'चोराच्या मनात चांदणं' असं आपण म्हणतो खरं, पण त्या मनात नेमकं काय असतं हेही कुणीतरी विचारून बघायला हवं. हे माझे कयास आहेत. कयास हायपोथेसिसच्या रकान्यात लिहायचे, कन्क्लूजनच्या नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या विषयातलं एक 'उघडच आहे' विधान कागदावर लिहा. खाली चार प्रश्न लिहा: कशाशी तुलना करून? कुणाच्या नोंदींवरून? ही जागा किंवा ही माणसं कशी निवडली? आणि तपासलं एक, बोलतोय दुसऱ्याबद्दल, असं तर होत नाही ना? चौथ्या प्रश्नाशी मी स्वतः अजून झगडतो आहे.

आणि हो, दारातला दिवा काढून टाका असं मी म्हणत नाहीये. आईला अंधारात पायरी दिसावी एवढं कारण त्यासाठी पुरेसं आहे.