मुक्त संगणक-प्रणाली मराठीच्या दारीं

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत कुरुंदा नांवाचें गांव आहे. विचारवंत नरहर कुरुंदकर यांच्या आडनांवामुळें या गांवाचें नांव मराठी वाचकांस परिचित झालें. कुरुंदकरांचा जन्म १९३२ सालचा. तेव्हां हा सारा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होता. घरांत मराठी, बाजारांत मराठी, कीर्तनांत मराठी; पण वरिष्ठ दरबारी व्यवहार उर्दूंत आणि विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंत, अशी त्या काळची स्थिति होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें पाश्चात्त्य शास्त्रें देशी भाषेंतून शिकविण्याचा धाडसी प्रयोग केला आणि त्यासाठीं स्वतंत्र भाषांतर-खातें चालविलें. प्रयोग मोठा होता यांत शंका नाहीं. तथापि ज्या देशी भाषेचा तेथें सन्मान झाला, ती कुरुंद्याच्या शेतकऱ्याची नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, तरी त्या अनुभवानें पुढें ठेवलेला प्रश्न संपला नाहीं : नवें ज्ञान ज्या भाषेंतून येतें, ती भाषा कोणाची ? विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न संगणकाच्या रूपानें पुन्हां दारीं आला.

संगणक म्हणजे केवळ धातूची आणि काचेची पेटी नव्हे. कळ दाबतांच पडद्यावर अक्षर उमटविणें, कागदपत्रें सांठविणें, छापण्याच्या यंत्रास हुकूम देणें, हीं सारीं कामें जी मूळ आज्ञावली करवून घेते तिला कार्यप्रणाली म्हणतात. वाड्यांतील कारभारी जसा धन्याचा निरोप गड्यांपर्यंत पोहोंचवितो, तसेंच हिचें काम. आरंभींच्या काळांत संगणकतज्ज्ञ आपल्या आज्ञावली एकमेकांस मोकळेपणानें देत. पुढें मूळ लेखन गुप्त ठेवून फक्त चालती प्रत विकण्याची रीत रूढ झाली. विकत घेणाऱ्यास कारभारी मिळे. पण त्याची वही उघडून पाहण्याचा अधिकार मिळत नसे.

या रीतीविरुद्ध उभा राहिलेला पुरुष म्हणजे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेंतील रिचर्ड स्टॉलमन. प्रयोगशाळेंतील जुन्या मुद्रणयंत्रांत कागद अडकला, कीं तशी सूचना मिळावी अशी सोय त्यांनीं आज्ञावलींत फेरफार करून केली होती. नवें यंत्र आलें, तेव्हां त्याची मूळ आज्ञावली त्यांना मिळेना. गोष्ट लहान होती. परंतु तिच्यांतून मोठें तत्त्व निघालें. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ नांवाची मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली हवी तशी वापरावी, तिचें मूळ लेखन अभ्यासून बदलावें, तिच्या प्रती वाटाव्या आणि सुधारलेली प्रतहि वाटावी, हे चार अधिकार प्रत्येकाला असावेत, असें त्यांचें म्हणणें. १९८९ सालीं त्यांनीं सिद्ध केलेल्या परवान्यानें या अधिकारांस कायद्याचा आधार दिला.

मराठी माणसास ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. ज्ञानेश्वरीच्या प्रती शतकानुशतकें हातोहात होत गेल्या. नकलांबरोबर पाठभेदहि वाढले. शके १५०६ मध्यें पैठणच्या एकनाथांनीं त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ खुला होता म्हणूनच त्याची शुद्धि करतां आली. परंतु शुद्ध केलेल्या पाठांत मनास येईल ती ओंवी कोणी घुसडूं नये, हेंहि नाथांनीं बजावून ठेवलें. मुक्त प्रणालीचा व्यवहारहि असाच चालतो. सुधारणा कोणीहि सुचवावी. मूळ ग्रंथांत ती घ्यावी कीं नाहीं, हें मात्र जाणकार संपादक तपासून ठरवितात. आपली निराळी प्रत काढण्याचा अधिकार सर्वांनाच असतो, एवढाच काय तो भेद.

१९९१ हें साल या इतिहासांत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपण छंद म्हणून एक प्रणाली रचीत असल्याचें जाहीर केलें. तीच लिनक्स. पुढच्या वर्षीं ती स्टॉलमन यांच्या परवान्याखालीं आली आणि ग्नूच्या भांडारास हवें असलेलें गाभ्याचें यंत्र मिळालें. त्याच १९९१ मध्यें भारतीय लिप्यांच्या संकेतांचें राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांस एका पंक्तींत बसविणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीस स्थान होतें. तिन्ही गोष्टी परस्परांपासून दूर घडल्या. मराठीच्या दृष्टीनें मात्र पुढें त्यांचा संगम झाला.

आरंभीं लिनक्स हें तज्ज्ञांचें खेळणें होतें. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागत. १९९६ मध्यें केडीई आणि १९९७ मध्यें ग्नोम या उपक्रमांनीं तिला चित्रमय रूप दिलें, आणि तिजवर गृहस्थाचा लिहिण्याचा मेज मांडला गेला. २००४ सालीं दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनीं ‘उबुंटू’ काढली. मागणी नोंदविणाऱ्यास तिची तबकडी टपालानें विनामूल्य घरपोंच मिळे; ही सोय २०११ पर्यंत चालू होती.

एवढ्यानें मराठीचें काम होत नव्हतें. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें पायाभूत कार्य केलें. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रानें ‘इंडिक्स’ प्रकल्पांत, आणि ‘इंडलिनक्स’च्या स्वयंसेवकांनीं आपल्या परीनें, लिनक्सला भारतीय अक्षरें शिकविलीं. रेड हॅट कंपनीच्या आश्रयानें ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखालीं उपलब्ध झाले. २००७ मध्यें सी-डॅकच्या चेन्नई केंद्राची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली प्रकट झाली.

या कामांतील अडचणी बारीक, पण जिवाभावाच्या होत्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा. दोन्ही शब्दांतला ‘र’ निराळा न उमटला, तर अर्थाचा अनर्थ होतो. हिंदीस या दुसऱ्या ‘र’ची गरज नसल्यानें मराठीच्या जाणकारांनींच त्याची काळजी वाहणें प्राप्त होतें. ‘ल’ आणि ‘श’ यांचीं मराठी वळणें हिंदीहून भिन्न आहेत. ‘अ’ वर चंद्र देऊन लिहावयाच्या ‘ॲ’ या स्वरास युनिकोडमध्यें स्वतंत्र जागा २००८ सालीं मिळाली.

दुसरी अडचण शब्दांची. शिवकालीं राज्यव्यवहारकोशानें फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. त्यांतील कांहीं टिकले, पुष्कळसे मागें पडले. संगणकाच्या भाषांतरकारांपुढेंहि हाच पेंच होता. ‘फाइल’ला धारिका म्हणावें कीं फाइलच राहूं द्यावें ? कचेरींतला कारकून पिढ्यान् पिढ्या फाइलच म्हणत आला आहे. म्हणून तो शब्द बहुधा राहिला. ‘संपादन’, ‘दृश्य’, ‘मदत’ हे शब्द मात्र पडद्यावर सहज रुळले.

आतां कुरुंद्यासारख्या गांवीं एखाद्या घरांत जुना संगणक पडून असेल, तर आरंभ कसा करावा ? १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ संपल्यापासून असे संगणक पुष्कळ झाले आहेत. प्रथम आपले फोटो व कागदपत्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं. या पायरीस फांटा देणाऱ्यास पश्चात्तापाची पाळी येते. नंतर प्रणालीची प्रत तिच्या अधिकृत स्थळावरून घेऊन पेनड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. बहुतेक प्रणाली अशा रीतीनें, आंतील तबकडीस हात न लावतां, चालवून पाहतां येतात. पडदा, आवाज, वायफाय, छपाई यांची परीक्षा येथेंच करावी. मन भरलें तरच प्रणाली कायमची बसवावी.

भाषेच्या यादींत मराठी निवडावी आणि कळफलकास इनस्क्रिप्ट ही मांडणी जोडावी. १९८६ सालीं ठरलेल्या या मांडणींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हातास आहेत. ‘कुरुंदा’ लिहितांना क, र, द उजव्या हातानें आणि दोन उकार, अनुस्वार व काना डाव्या हातानें, अशा सात कळा लागतात. आठ-पंधरा दिवसांच्या सरावानें बोटें वळतात. शिकविणारा गुरु जवळ नसेल, तर मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे सुमारें दहा मिनिटांचे पाठ मराठींतहि आहेत. पाठ ऐकावा, थांबवावा आणि ती कृति स्वतः करून पाहावी, अशी त्यांची पद्धत आहे.

मराठी निवडली म्हणजे सारें मराठींत दिसेल, अशी अपेक्षा मात्र ठेवूं नये. मधूनच इंग्रजी ओळी डोकावतात, कारण नवीं वाक्यें दर आवृत्तीस वाढतात आणि भाषांतर करणारे हात थोडे आहेत. हा दोष खरा आहे. तो झांकून ठेवण्यांत हित नाहीं. पण या दोषावरचा उपाय कोणा दूरच्या धन्याच्या मर्जीवर अवलंबून नाहीं. उस्मानियाच्या भाषांतर-खात्यांत कोणते ग्रंथ आणि कोणते शब्द घ्यावे, हें हैदराबादेंत ठरे. कुरुंद्यास कोणी विचारीत नसे. येथें पडद्यावर जी ओळ इंग्रजी राहिली आहे, तिचें मराठी करून कुरुंद्याची शाळकरी मुलगीहि पाठवूं शकते. जाणकार तें तपासतील, चुकलें असेल तर परत करतील आणि बरोबर असेल तर पुढच्या आवृत्तींत घालतील. मग पुणें, नागपूर किंवा बडोदें येथें कोणी तीच प्रणाली उघडील, तेव्हां त्याच्यासमोर तिनें लिहिलेले शब्द येतील.