सहा मिनिटांचा तास : सूक्ष्म अध्यापनाची ओळख

नव्या शिक्षकाच्या पहिल्या चुका कोणाच्या वाट्याला याव्यात, हा अध्यापक शिक्षणातील जुना प्रश्न आहे. साठ मुलांच्या वर्गात नवखा उमेदवार प्रथमच उभा राहतो, तेव्हा विषय मांडणे, फळ्यावर लिहिणे, प्रश्न विचारणे, शिस्त राखणे आणि वेळेत तास संपवणे ही सारी कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात. त्यात तो अडखळला तर नेमके कोठे अडखळला हे त्याला समजत नाही आणि त्या चुकीची किंमत वर्गातील मुले मोजतात. या अडचणीवरचा एक उपाय म्हणून ‘सूक्ष्म अध्यापन’ ही पद्धत पुढे आली. बी.एड. आणि डी.एड. केलेल्या बहुतेक शिक्षकांना ती परिचित असली, तरी तिच्यामागील विचार पालकांपर्यंत सहसा पोहोचलेला नाही.

स्टॅनफर्डमधील प्रारंभ

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ साली ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. अध्यापन ही अखंड कला न मानता लहान लहान कौशल्यांत तिची विभागणी करावी आणि एका वेळी एकाच कौशल्याचा सराव द्यावा, ही त्यामागील कल्पना होती. पाठाचा कालावधी पाच ते दहा मिनिटांवर आणला गेला, विद्यार्थ्यांची संख्या मोजकी ठेवली गेली आणि आशयही एखाद्या घटकापुरता मर्यादित करण्यात आला. त्याच सुमारास उपलब्ध होऊ लागलेल्या व्हिडिओ ध्वनिचित्रमुद्रणाची या प्रयोगाला मोठी जोड मिळाली. पाठ संपताच उमेदवाराला स्वतःचे शिकवणे पडद्यावर पाहता येऊ लागले. त्यानंतर मार्गदर्शकाशी चर्चा करून तोच पाठ विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या गटाला पुन्हा शिकवला जाई. ॲलन आणि केव्हिन रायन यांनी १९६९ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि ही पद्धत इतर देशांतही पोहोचली.

भारतीय रूप

भारतात या दिशेने पहिला प्रयत्न अलाहाबाद येथे १९६७ साली डी. डी. तिवारी यांनी केल्याचे मानले जाते. मात्र तिला खरी चालना मिळाली ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात. तेथे बी. के. पासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात संशोधन केले, भारतीय वर्गासाठी कौशल्यांची यादी तयार केली आणि प्रशिक्षण साहित्य लिहिले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेही (एनसीईआरटी) त्यात सहभाग घेतला.

आपल्याकडील महाविद्यालयांत व्हिडिओ यंत्रणा नव्हती, तसेच सरावासाठी रोज शाळेतील मुले मिळणेही शक्य नव्हते. त्यामुळे भारतीय प्रतिमानात छात्राध्यापकांचे सहाध्यायीच विद्यार्थी झाले आणि कॅमेऱ्याची जागा निरीक्षणपत्रिकेने घेतली. एका आवर्तनाचा वेळ ३६ मिनिटांचा ठरला : अध्यापनासाठी सहा मिनिटे, प्रत्याभरणासाठी सहा, पुनर्नियोजनासाठी बारा, पुनराध्यापनासाठी सहा आणि पुन्हा प्रत्याभरणासाठी सहा. या वाटणीतील सर्वांत मोठा वाटा शिकवण्याला नव्हे, तर पाठाचा फेरविचार करण्याला दिलेला आहे.

कोणती कौशल्ये?

सज्जता प्रवर्तन, म्हणजे विद्यार्थ्यांना नव्या घटकाकडे वळवणे, हे बहुधा पहिले कौशल्य असते. त्यानंतर स्पष्टीकरण, दाखले देणे, प्रश्न विचारणे, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन आणि समारोप अशी कौशल्ये येतात. चेतक बदल म्हणजे आवाज, हावभाव, हालचाल आणि साधने यांत बदल करून मुलांचे लक्ष टिकवणे. प्रबलन म्हणजे योग्य प्रतिसादाला शब्दांनी किंवा कृतीने दाद देणे.

प्रश्नकौशल्याच्या उदाहरणावरून या सरावाचे महत्त्व लक्षात येते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि उत्तरच न देण्याचे प्रमाण घटले. तीन सेकंद थांबण्याची ही सवय केवळ व्याख्यान ऐकून लागत नाही. घड्याळ घेऊन बसलेला निरीक्षक आणि लगेच मिळणारी दुसरी संधी यांतूनच ती अंगवळणी पडू शकते.

फाइलपुरता सराव

सूक्ष्म अध्यापनाचे मर्म पाठाच्या लांबीत नसून दुसऱ्या प्रयत्नात आहे. तथापि, वेळापत्रक आखडले की नेमका हाच भाग प्रथम गळतो. छात्राध्यापकांची संख्या मोठी आणि मार्गदर्शक मोजके असले, तर पहिला पाठ कसाबसा होतो, पुनराध्यापन मात्र पाठ टाचणाच्या वहीत केवळ नोंदवले जाते. निरीक्षणपत्रिकेवर ‘पाठ चांगला झाला, आवाज वाढवावा’ असा ठरावीक शेरा मारला जातो. अशा शेऱ्यावरून पुढच्या पाठात काय बदलायचे हे उमेदवाराला उमगत नाही. याउलट ‘नऊ प्रश्नांपैकी सात प्रश्नांचे उत्तर हो किंवा नाही एवढेच होते’ ही नोंद त्याला बारा मिनिटांत करायचे काम नेमके दाखवते.

यावर ॲलन यांनीच पुढे सुटसुटीत तोड सुचवली. नामिबिया आणि चीन येथील कामातून विकसित झालेल्या सोप्या पद्धतीत प्रत्येक सहाध्यायी दोन जमेच्या बाजू आणि दोन सूचना सांगतो. त्यासाठी महागडे यंत्र किंवा तज्ज्ञ निरीक्षक लागत नाही.

आक्षेप आणि नवे वळण

कौशल्यांची बेरीज म्हणजे अध्यापन नव्हे, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे आणि तो निराधार नाही. सहाध्यायी सातवीतील मुलासारखे उत्तर देण्याचे नाटक करतात, पण त्या मुलाचा गोंधळ त्यांना खऱ्या अर्थाने साकारता येत नाही. सुटी कौशल्ये एकत्र गुंफण्यासाठी आपल्याकडे सेतुपाठ घेतले जातात आणि त्यानंतर शाळेतील सरावपाठ येतात. ही साखळी तुटली, तर सूक्ष्म पाठ एकाकी पडतो.

परिणामांबाबतचे पुरावेही सावधपणे वाचावे लागतात. शिक्षणतज्ज्ञ जॉन हॅटी यांच्या २००९ च्या संकलनात सूक्ष्म अध्यापनाचे परिणाम-मूल्य ०.८८ इतके, म्हणजे वरच्या श्रेणीचे आढळले. मात्र त्यामागील अभ्यासांत मुख्यतः छात्राध्यापकांच्या वर्तनातील बदल मोजलेला होता. त्यांच्या विद्यार्थ्यांना किती अधिक समजले, याचे उत्तर त्यातून थेट मिळत नाही.

अलीकडच्या काळात अमेरिकेत मॅग्डेलीन लॅम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘रंगीत तालमी’ची पद्धत मांडली. तीत मार्गदर्शक पाठ संपण्याची वाट न पाहता मध्येच थांबवतो, मुलांच्या संभाव्य उत्तरांवर चर्चा घडवतो आणि पाठ तेथूनच पुढे सुरू होतो. सूक्ष्म अध्यापनातील सुरक्षित सराव येथे कायम राहतो, पण मुलांच्या विचारांना प्रतिसाद देण्यावर भर दिला जातो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील अनुभवाचा कालावधी २० आठवड्यांपर्यंत वाढला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा आग्रह धरला आहे. या वाढीव वेळेत पुनराध्यापन प्रत्यक्ष घेण्यास पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे. तो वाव वापरला गेला नाही, तर नवे शिक्षक आपला दुसरा प्रयत्न थेट शाळेच्या वर्गात करतील आणि पहिल्या प्रयत्नाची मुले तोवर पुढच्या इयत्तेत गेलेली असतील.