बंबावर हुकूम कोणाचा, आणि ड्यूटी किती तासांची?

मंडळी, दरवर्षी १४ एप्रिलला सकाळी आपल्या नगरपरिषदेच्या बंबाजवळ एक छोटा कार्यक्रम होतो. अग्निशमन सेवा दिन. फोटोला हार, दोन मिनिटं शांतता, मग चहा. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, त्यामुळे सगळं गाव पुतळ्याकडे. बातमीत अग्निशमनाच्या वाट्याला चार ओळी येतात. गेली वीस वर्षं त्या चार ओळी मीच लिहितोय. आज जरा सविस्तर लिहितो. कारण मध्यंतरी जिनिंगच्या आगीत जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

कापसाच्या गाठी पेटल्या होत्या. बंब आला. मालक म्हणे आधी मशिनरी वाचवा. एक नगरसेवक म्हणे पाइप वस्तीकडे वळवा. एक साहेब फोनवरून तिसरंच सांगत होते. नोझल धरलेला कंत्राटी पोरगा सगळ्यांची तोंडं बघत होता. पहाटे चहा पिताना कळलं, तो आदल्या दिवशी सकाळपासून ड्यूटीवर होता. बदलीला माणूसच नव्हता.

त्या दिवशी मला दोन प्रश्न पडले. आगीच्या ठिकाणी हुकूम कोणाचा? आणि तो पाळणाऱ्यानं किती तास जागं राहायचं? हे दोन्ही प्रश्न जुने आहेत. हार घालतो त्या दिवसाच्या मुळाशी पहिला प्रश्नच आहे.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. अग्निशमन दल आलं, पाण्याचा मारा सुरू झाला. दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः हजर होते. पण जहाजावर कप्तानाचा शब्द, गोदीत पोर्ट ट्रस्टचा, दारूगोळ्याची माहिती लष्करी अधिकाऱ्याला. एक मत जहाज बुडवण्याचं, दुसरं ते समुद्रात ओढून नेण्याचं, तिसरं पाणीच मारत राहण्याचं. सगळ्यांवर ज्याचा शब्द चालेल असा एकही माणूस तिथे नव्हता. दुपार चर्चेत गेली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते. शेवटपर्यंत पाइप धरून उभे होते ते.

खरं तर हा धडा लंडननं आधीच शिकलेला होता. तिथले बंब आधी विमा कंपन्यांचे असत. १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या मोठ्या आगीत त्यांचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून मेला. कंपन्यांनी हात वर केले. मग १८६५ मध्ये कायदा होऊन सरकारी ब्रिगेड उभी राहिली. त्या कायद्यानं आगीच्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला मोठा अधिकार दिला. दार तोडा, इमारत ताब्यात घ्या, गरज पडली तर पाडा. मालकाची परवानगी विचारत बसायची नाही. पुढे १८९० मध्ये मुंबईच्या दलाचा प्रमुख म्हणून आलेले निकोल्स याच लंडन ब्रिगेडमधले.

हुकमाचा प्रश्न असा कायद्यानं सुटला. तासांचा मात्र तसाच राहिला. लंडन ब्रिगेडचा पहिला प्रमुख मॅसी शॉ खलाशांनाच भरती करायचा. का, तर त्यांना हुकूम पाळायची आणि रात्रंदिवस पहारा द्यायची सवय असते. स्टेशनातच राहायचं, घंटा वाजली की पळायचं, जवळजवळ अखंड ड्यूटी. पहिल्या महायुद्धानंतर कुठे दोन पाळ्या आल्या. पुढचे तास कमी करायला संघटनेला पिढ्यानपिढ्या भांडावं लागलं. नोव्हेंबर १९७७ मध्ये ब्रिटनभरचे फायरमन संपावर गेले. नऊ आठवडे लष्करानं जुन्या हिरव्या गाड्या चालवल्या. त्यानंतर ४२ तासांचा आठवडा मिळाला आणि चार तुकड्या झाल्या. दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, मग चार दिवस सुट्टी.

यात चैन काही नाही, साधा हिशोब आहे. दिवसरात्र मिळून आठवड्याचे तास १६८. एकेक माणूस ४२ तास काम करणार असेल तर एका जागेसाठी चार माणसं लागतात. रजा, आजारपण वेगळंच. आता हा हिशोब आपल्या स्टेशनला लावून बघा.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. इमारत धोकादायक वाटली तर माणसं बाहेर काढायचा अधिकार मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला आहे. आगरोधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा आहे. पण अधिकार वापरायला आधी अधिकारी लागतो. छोट्या गावात बंबाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे आणखी दोन टेबलं असतात. आणि ज्यांना नोटीस द्यायची, त्यांचेच फोन त्याच्या साहेबांना येतात.

मोठ्या शहरात सगळं आलबेल आहे असंही नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीत गोकुळ निवास पेटलं. इमारत कोसळून मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर त्यांतलेच. हुकूम ज्याचा, तो स्वतः आत होता. म्हणून तर त्याच्या शब्दाला जवान मान देतात. बाहेर उभं राहून बोट दाखवणाऱ्यांचं ते काम नाही.

शेवटी एक योगायोग. गोदी पेटली त्या दिवशी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. एकाच तारखेला आपण दोन ठिकाणी हार घालतो. मग बंबावरच्या पोराला सलग दोन दिवस कसं काय उभं करतो?

येत्या सर्वसाधारण सभेत आपापल्या नगरसेवकाला तीनच गोष्टी लेखी विचारा. आगीच्या ठिकाणी अंतिम शब्द कोणाचा, त्याचा आदेश काढलाय का? मंजूर पदं किती, भरलेली किती? आणि आज रात्री बंबावर जो आहे, तो किती वाजल्यापासून आहे? उत्तर आलं की मला पाठवा, जसंच्या तसं छापतो.