वाडी कुठली?

रत्नागिरीच्या कॉलेजात नोकरीला लागलो त्या वर्षीची गोष्ट. मी भाड्याने खोली शोधत होतो. माझे आडनाव मराठ्यांतही सापडते आणि आमच्यातही. ते ऐकून घरमालकांनी खुर्ची पुढे केली, आत चहा सांगितला. भाडे ठरले. मग त्यांनी सहज विचारले, "गाव कुठलं तुमचं?" मी याच जिल्ह्यातले माझे गाव सांगितले. "म्हणजे आमच्याकडचेच की!" मालक खूष झाले आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "वाडी कुठली?" मी म्हणालो, "बौद्धवाडी." चहा आला, मी तो प्यालो. खोली मात्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली.

कोकणात गाव माणसाचा पत्ता सांगते आणि वाडी त्याची जात सांगते. मालकांनी मला 'इकडचा' मानले ती त्यांची चूक नव्हती. मी इकडचाच आहे. तरीही वाडी कळताच तेच खरे त्यांना चूक वाटू लागले. 'स्थानिक' कोण, हे ठरवतो तरी कोण? या प्रश्नासाठी दूर जायला नको. रत्नागिरीच्याच इतिहासात परका माणूस इथला कसा झाला त्याचे एक उदाहरण आहे.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केले. मद्रासमार्गे त्याला इकडे आणले गेले. एप्रिल १८८६ मध्ये तो, राणी सुपयालत आणि त्यांच्या मुली रत्नागिरीत उतरल्या. ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो तो १९१० साली पुरा झाला. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. १९१९ साली कुटुंबाला मायदेशी परतण्याची परवानगी मिळाली.

पण थोरल्या राजकन्येची नाळ इथे जुळली होती. राजाच्या पदरी दरवान असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला १९०६ साली टुटू ही मुलगी झाली होती. ब्रह्मदेशात जाऊनही ती परत रत्नागिरीला आली आणि १९४७ साली इथेच गेली. टुटूचे लग्न इथल्याच एका पवारांशी झाले. ती मराठी बोले, शेणी थापी, कागदाची फुले करून विकी. आजोळची भाषा तिच्या ओठावर राहिली नाही. बाजारात तिला पाहणारा परगावचा माणूस तिला रत्नागिरीचीच एक गरीब म्हातारी समजला असता, आणि ते खरेही होते. २००० साली ती वारली.

मी हे असूयेने लिहीत नाही. साम्राज्याने जिचे राज्य हिरावले, त्या घराण्यातल्या लेकीला इथल्या गरीब वस्तीने आपले म्हटले, ही या गावाची चांगली बाजू आहे. पण त्यामुळेच प्रश्न अधिक टोकदार होतो. समुद्रापलीकडून आलेल्या घराण्याची नात एका पिढीत इथली होते. आणि ज्यांनी पिढ्यानपिढ्या गावाची सीमा राखली, सांगावे पोचवले, मेलेली ढोरे ओढली, ते मात्र गावकुसाबाहेरच राहतात. इथल्या देवळांची दारे सर्वांना सारखी उघडी असती, तर १९३१ साली याच शहरात भागोजीशेठ कीरांना सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर नव्याने बांधावे लागले नसते.

बाबासाहेबांचे घराणे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. अंगावरचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. 'महार' हा शब्द कानी पडताच त्यांचा चेहरा बदलला. पुढे १९१३ पासून न्यूयॉर्क आणि लंडन इथे काढलेल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे. परक्या देशात कोणी वाडी विचारली नाही. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते पारशांच्या उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. ते परके होते म्हणून कोणी काठी उचलली नव्हती. ते कोण आहेत हे कळले म्हणून उचलली होती. या आठवणी त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाखाली लिहिल्या. व्हिसा परदेशात शिरायला लागतो. बाबासाहेबांना तो स्वदेशात लागत होता.

या इतिहासाला आणखी एक धागा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी बाबासाहेबांना धम्मदीक्षा दिली ते महास्थवीर चंद्रमणी ब्रह्मदेशातल्या अराकानात जन्मलेले आणि कुशीनगरला स्थायिक झालेले. थिबाच्या देशातल्या भिक्षूकडून आम्हाला नवी ओळख मिळाली. महारवाडीची बौद्धवाडी झाली. आम्ही आमचे नाव बदलले. विचारणाऱ्याच्या कानाने मात्र ते जुनेच ऐकले.

माझे विद्यार्थी मला विचारतात, "सर, खोली बघायला गेलो आणि वाडी विचारली तर काय सांगायचं?" शहरात आडनावाच्या आडोशाने दिवस काढता येतात, हे त्यांना माहीत आहे. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मला नाही. ज्याला रात्री डोक्यावर छप्पर हवे असते त्याच्या अडचणी त्यालाच ठाऊक. पण कोणाच्या तरी गैरसमजावर मिळालेली खोली त्याच्या एका प्रश्नासरशी जाते, हे बडोद्याने दाखवले आहे. म्हणून मी त्यांना सांगतो : वाडी सांगा, आणि तिचा इतिहासही लिहा. विहीर कोणी खणली, खोताच्या बांधावर कोण राबले, पहिला पदवीधर कधी झाला, हे म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवा. थिबाचा राजवाडा पाहायला सहली येतात. आमच्या वाड्यांची नोंद आमच्याशिवाय कोणी करणार नाही.

वाडी ऐकल्यानंतरही जेव्हा घरमालक "म्हणजे आमच्याकडचेच की!" म्हणेल, तेव्हाच आम्ही या भूमीचे झालो असे मी समजेन.